शेजारणीचं भाकीत

ग्रीक पुराणात एक राजकन्या आहे. तिचं भाकीत खरं ठरायचं, पण कुणाला पटायचं नाही. मस्कतला आमच्या शेजारची रत्नागिरीची भाभी तशीच होती. कोरड्या वादीत, म्हणजे ओढ्याच्या पात्रात, आम्ही गाड्या लावायचो. ती गॅलरीतून हात हलवायची, “वैनी, गाडी काडा. पानी येनार हाय.”

मी महाशहाणी, गॉगल डोक्यावर चढवून म्हणाले, “भाभी, इथे कुठला पाऊस?”

त्याच आठवड्यात गाडी वाहून गेली. मग सगळ्या बायका काळ्या जिभेची म्हणून तिलाच टाळू लागल्या. ती दार उघडं ठेवून एकटीच चहा प्यायची.

मस्कत सोडताना मी विचारलं, “पुन्हा भेटू ना, भाभी?”

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “भेटू की.”

तिचं तेवढंच बोलणं मी लगेच खरं मानलं, आणि तेवढंच खोटं ठरलं.