अंगाला न जाणवणारं घड्याळ

आमचे हे दुकानात दोन मनगटांवर दोन स्मार्टवॉच बांधून उभे होते. एक जुनं स्टीलचं, दुसरं नवं टायटॅनियमचं. व्यायामात जोर काढताना स्टीलची कड मनगटात रुतते, म्हणून ते बदलायचं होतं.

"झोपेतही टोचायचं का, काका?" विक्रेत्याने विचारलं.

"छे! झोपेत कधीच नाही."

मी शेजारीच उभी होते. हे झोपेत कूस बदलतात तेव्हा ते स्टील माझ्या खांद्यात रुततं. रात्री काढून ठेवा म्हणून वर्षभर सांगतेय, पण घड्याळाला यांची झोप मोजायची असते ना! लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, बांगड्या वाजून यांची झोप मोडते म्हणून, सासूबाईंचे वटारलेले डोळे सोसत मी काचेच्या बांगड्या उतरवल्या होत्या. आपल्याला रुतलं की ती अडचण असते. दुसऱ्याला रुतलं की म्हणायचं, तुझी झोपच सावध.

नवं घड्याळ न्याहाळत हे खुशीत म्हणाले, "काय हलकं आहे! अंगावर आहे हे जाणवतसुद्धा नाही."

"बरोबर तुमच्या पसंतीचं आहे," मी म्हटलं. "मला तसं व्हायला जन्म गेला."