पाकिटावरचे हात

त्या दिवशी खोलीत जे होतो, त्यांच्याशिवाय हे कोणाला ठाऊक नाही, माझ्या बायकोलासुद्धा. माझ्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला भाकरी थापणारे, हिरव्या बांगड्यांचे हात दिसतात ना, ते माझ्या आईचे नाहीत. माझ्या वडिलांचे, नानांचे आहेत.

देवळाली कॅम्प सोडलं तेव्हा स्टेशनवर पोचवायला नानाच आले होते. आई शिक्षिका, ती शाळेत होती. नाना लष्कराच्या मेसमध्ये आचारी. घरची चूलही त्यांच्याकडेच. गाडी हलली तरी खिडकी सोडत नव्हते. "भाकरी मऊ आहे तोवर खाऊन घे. मुंबई कुठं पळून जात नाही."

नाशकात लोकल केबलवर लासलगावचे कांद्याचे भाव वाचणारा मी. मुंबईत पहाटेचं राशिभविष्य सांगितलं, महिला मंडळांचे खेळ घेतले, साड्यांच्या सेलची उद्घाटनं केली. मग खाण्याच्या कार्यक्रमाची ऑडिशन आली. स्वयंपाक कुणाकडून शिकलात, असं विचारलं त्यांनी. "आईकडून," मी म्हणालो. मेसच्या आचाऱ्याचा मुलगा म्हणायची लाज वाटली. काम मिळालं.

पुढे आईवर खास भाग करायचा म्हणून शूटिंगचं युनिट देवळालीला आमच्या घरीच आलं. आईची भाकरी परातीतच फाटली. दुसरीही फाटली. "मला चहा आणि हजेरी, दोनच गोष्टी जमतात," ती म्हणाली. डायरेक्टर म्हणाला, हातांचा क्लोजअप वेगळा घेऊ, कुणाचेही चालतील, फक्त बांगड्या वाजल्या पाहिजेत. मी नानांकडे पाहिलं.

त्यांच्या हातांवरचे केस मीच माझ्या रेझरने काढले. बांगड्या चढेनात म्हणून आईने साबण लावला.

"अहो, हात सैल सोडा. बेड्या नाही घालत तुम्हाला."

"कॅमेरा वर नेऊ नका रे, मिशी दिसेल," नाना म्हणाले.

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने. भाकरी टम्म फुगली तेव्हा नाना पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत होते. मी मॉनिटर बघत होतो.

आता ते हात कार्यक्रमाच्या नावाने निघालेल्या मसाल्याच्या पाकिटावर आहेत. खाली लिहिलंय, 'आईच्या हातची चव'. पंचवटीत किराणा दुकानांच्या दारात त्या पाकिटांच्या माळा लटकतात. नातेवाइकांचा फोन आला की नाना तो आईला देतात, "घ्या बाई, तुमच्या भाकरीचं कौतुक चाललंय." आई फोन घेते आणि नुसतं 'हो, हो' म्हणते. तिलाही मीच खोट्यात बसवलं.

तुम्ही तिथं देवळालीत राहिलेले मला विचारता, घराची आठवण येत नाही का? येते. इथं माझ्या किचनमध्ये भिंतीत बसवलेला ओव्हन आहे, चार जण उभे राहतील असा ओटा आहे. पण घर म्हटलं की मला नानांच्या परातीचा आवाज आठवतो, आणि तो आता मला ऐकू येत नाही. मी गेलो की नाना विचारतात, "पोळ्या मागवायच्या का?" त्या दिवसानंतर माझ्यासमोर त्यांनी एकदाही भाकरी थापलेली नाही. शेजारी सांगतात, एरवी रोज थापतात.

हे हात माझ्या वडिलांचे आहेत आणि स्वयंपाक मी त्यांच्याकडून शिकलो, हे त्याच कॅमेऱ्यासमोर, ते बघत असताना, मी त्यांचं नाव घेऊन सांगायला हवं. ते मी अजून सांगितलेलं नाही.