कोरडी फरशी

फोनवर काय सांगतेस गं पोरी, जवळ असतीस तर कान पकडला असता. पायांना घाम येतो म्हणून कुणी बुटात अत्तर ओततं का? भवानी पेठेतल्या देवळाबाहेर एक बाई चपला सांभाळायची. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. शहाबादी फरशीवर माझी घामानं ओली पावलं उमटलेली बघून ती म्हणाली, "मावशी, चहाचा चोथा उकळा, पाणी कोमट झालं की त्यात पाय बुडवून बसा." बोलता बोलता पदरानं परक्यांच्या चपला पुसत होती. "माज्या लेकीचे पाय असेच घामेजायचे. ह्याच पाण्यानं बरे केले अन् सासरी धाडली. आता घरातली फरशी लई कोरडी हाय की!" म्हणाली आणि हसली, पण डोळे काही हसले नाहीत. घरी आले तर तुझी खोली तशीच लख्ख, रिकामी. लवकर ये गं, पुणं काही लांब नाही.