ओरानीच्या अलीकडची मोरी

अन्याय कोणावर झाला ते आधी सांगते, अनुभव मग. १८ फेब्रुवारी १९४६. अमेरिकेच्या झेंड्याखाली, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने लढलेल्या फिलिपिनो सैनिकांची लढाईतली नोकरी त्या दिवशी एका कायद्याने नोकरी राहिली नाही. त्यांना कबूल केलेलं बहुतेक सगळं काढून घेतलं. लढताना सैनिक आणि जिंकल्यावर कोण तुम्ही? त्यातले एक कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे.

हे या भुताखेतांच्या अनुभवांच्या सदरात कशाला, असं वाटेल तुम्हाला. सरळ सांगते. माझी अन्यायाविरुद्धची पत्रकं लोक गाडीच्या वायपरखालून काढून फेकतात. हे सदर मात्र आपल्या मराठी मंडळातले सगळे वाचतात, मी मानत नाही म्हणणारे तर सगळ्यात आधी! मीही त्यातलीच. पुण्यात कॉलेजात असताना चौरस्त्यावर ठेवलेल्या उताऱ्यातला नारळ मी सगळ्यांसमोर फोडून खाल्ला आहे. त्यामुळे पुढचं वाचून मला देवभोळी समजू नका. मला त्याचा राग येईल.

१९८७ सालचा वसंत. मी एम.एस. करत होते आणि रूममेट शुभासोबत राहत होते. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे चेरीची एक जुनी बाग होती, आजूबाजूला चिप कंपन्या उठल्या तरी टिकून राहिलेली. खालच्या मजल्यावर इस्को नावाचे म्हातारे त्यांच्या मुलीकडे राहायचे. मी त्यांना लोलो म्हणायचे, म्हणजे त्यांच्याकडचे आजोबा. मुलगी नर्स, बिचारी डबल शिफ्ट करायची. दिवसभर घरात कोणी नाही म्हणून लोलो लाँड्री रूममध्ये येऊन बसायचे. कपडे धुवायचे नसायचे. तिथे माणसं येतात, एवढंच.

मी सवयीने त्यांच्याही हातात एक पत्रक कोंबलं. त्यांनी ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. अमेरिकेत माझं पत्रक पूर्ण वाचणारा तो पहिला माणूस. वाचून झाल्यावर म्हणाले, माझंही एक काम आहे, कोणी ऐकत नाही.

काम असं... लोलो फिलिपिन्सच्या बतान प्रांतातले. एप्रिल १९४२ मध्ये तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि जपान्यांनी कैद्यांना भर उन्हात, पाण्यावाचून उत्तरेकडे चालवत नेलं. वाटेत हजारो मेले. लोलो आणि त्यांचा धाकटा भाऊ बेनिंग, दोघेही त्या रांगेत होते. समाल गाव सोडल्यावर, ओरानीच्या अलीकडे, रस्त्याखालून जाणारी एक मोरी आहे. बेनिंग तिच्या कडेला बसला तो उठला नाही. रांग थांबत नव्हती. लोलोंना तापात पुढे ढकलत नेलं.

आता त्या प्रांतात डोंगरावर भलामोठा क्रॉस उभा आहे, रस्त्याच्या कडेने स्मारकाचे दगड आहेत. भाषणं होतात, हार घालतात. बेनिंग नक्की कुठे आहे ते मात्र फक्त लोलोंना ठाऊक. आणि लोलो विसरायला लागले होते. गॅस बंद करायचं विसरायचे, मुलीची शिफ्ट विसरायचे. म्हणून त्यांनी एक उपाय काढला होता. रोज दुपारी ते तो रस्ता चालायचे, सनीव्हेलमध्येच! लाँड्रीचं दार म्हणजे बालांगा गाव. पेट्रोल पंप म्हणजे अबुकाय. शाळा म्हणजे समाल. पुढे बागेजवळ रस्त्याखालून खरोखरच एक मोरी होती, पावसाचं पाणी जायला. तिथे ते उजव्या हाताला, बस स्टॉपच्या बाजूला उतरायचे आणि टोपी काढून उभे राहायचे. म्हणायचे, समोरून ट्रक यायचे त्यांच्या बाजूने, आम्ही आमच्या बाजूने. बेनिंग आमच्या बाजूला. युद्ध संपल्यावर वडील आणि ते जाऊन खणूनही आले होते. काही सापडलं नाही. पावसाने वाहून गेलं असेल, असं वडील म्हणाले.

मी त्यांच्यासोबत चालायला लागले. शुभा म्हणायची, "काय यार, आपल्याकडचे मोर्चे कमी पडले म्हणून आता दोन माणसांचा मोर्चा?" मी म्हटलं, तू ये, तीन होतील. ती नाही आली.

मग लोलो बाथरूममध्ये पडले. खुबा मोडला. हॉस्पिटलमध्ये त्यांनी माझं मनगट धरून एकच गोष्ट मागितली : रस्ता तुटू देऊ नकोस, रोज चाल. मला ते शुद्ध वेडेपण वाटलं. पण सांगायला त्यांना दुसरं कोण होतं? मी हो म्हटलं.

तुम्ही कॅलिफोर्नियात भर दुपारी एकटे पायी चाललात का कधी? चालून बघा. गाड्या जातात, काचा बंद. कोणी तुमच्याकडे बघत नाही. बघितलंच तर याची गाडी बिघडली असणार अशा नजरेने. बालांगा, अबुकाय, समाल असं पुटपुटत मी चालायचे, आणि आपण आहोत की नाही असं वाटायला लागायचं.

अशाच एका दुपारी मोरीपाशी पोचले तर रस्त्याच्या पलीकडे, बागेच्या बाजूला, मोरीच्या तोंडाशी एक मुलगा बसलेला. विशीचा असेल. हडकुळा, पाय कोरड्या चरात सोडलेले. मला वाटलं, बागेतला मजूर असणार. त्याने माझ्याकडे बघून दोन्ही हातांची ओंजळ केली.

पाणी होतं माझ्याकडे. रस्ता ओलांडताना मी अजूनही आपल्या सवयीने आधी उजवीकडे बघायचे, तेव्हाही तेच केलं. डावीकडून गाडी आली, हॉर्न मारला, मी कशीबशी पलीकडे गेले. मुलगा तसाच बसलेला. मी बाटलीतून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो प्यायला नाही. भरलेली ओंजळ त्याने आधी माझ्यापुढे धरली, तू घे म्हणून. मी मान हलवली. मग तो प्यायला. मी पुन्हा ओतलं, पुन्हा आधी माझ्यापुढे... बाटली रिकामी झाली. झाकण पडलं ते उचलायला मी वाकले, आणि मान वर केली तर तिथे कोणी नव्हतं.

भीती नाही वाटली. खरंच नाही. मी खाली बघितलं. एवढं पाणी ओतलं, अर्धं तरी बोटांतून गळलं असणार. पण माती कोरडी ठणठणीत होती, एक थेंबाचा डाग नाही. माझा हात मात्र मनगटापर्यंत ओला होता.

संध्याकाळी लोलोंना सांगितलं ते गंमत म्हणूनच. मोरीवर एक मजूर भेटला, पाणी दिलं तर आधी मलाच देत होता. लोलो उशीवरून मान उचलायला लागले.

"कुठल्या बाजूला बसला होता?"

"पलीकडे. बागेच्या बाजूला. आपण चालतो तर डाव्या हाताला."

त्यांनी बोटाने चादरीवर रस्त्याची रेघ ओढली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या देशात गाड्या कुठल्या बाजूने चालतात?"

"डाव्या."

"आमच्याकडेही," ते म्हणाले. "तेव्हा."

मला हे माहीत नव्हतं, शपथेवर सांगते. नंतर लायब्ररीत जाऊन वाचलं. फिलिपिन्समध्ये १९४५ पर्यंत वाहनं डावीकडून चालायची. अमेरिकन फौज परत आली आणि उजवी बाजू झाली. वडील आणि लोलो खणायला गेले तोपर्यंत 'आमची बाजू' बदललेली होती. तापातल्या माणसाला मोरी आठवली, आपली बाजू आठवली... आणि त्यांनी खणलं ते उजव्या, म्हणजे चुकीच्या अंगाला.

लोलो इतकंच म्हणाले की बेनिंग लहानपणापासून तसाच. काहीही मिळालं की आधी थोरल्यापुढे धरायचा. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले.

बागवाल्याला विचारलं. तो म्हणाला, सीझन सुरू व्हायचाय, माझ्याकडे एकही मजूर नाही. शुभा म्हणते, ऊन लागलं असेल तुला. असेल. पण उन्हाने मला बतानमधली वाहतुकीची बाजू कशी कळवली, ते तिने सांगावं. मी अजून देव मानत नाही, भूतही मानत नाही.

लोलो त्या उन्हाळ्यात गेले. मुलीला रजा मिळाली ती त्यांना गावी नेऊन पुरण्यापुरती. मोरी शोधायला वेळ उरला नाही. माझ्या व्हिसाचं तुम्हाला माहीतच आहे. इथून बाहेर पडले तर परत येता येईल याची खात्री नाही.

पण तुमच्यातले कितीतरी काका कंपनीच्या कामाने मनिलाला जातात, मीटिंग करतात, मोत्यांच्या माळा आणतात. यावेळी एक दिवस जास्त काढा. टॅक्सी करून बतानला जा. समाल सोडलं की उत्तरेकडे तोंड करा, समुद्र उजव्या हाताला ठेवा, मोरी दिसली की खाली उतरा. डाव्या बाजूला. तिथल्या शेतकऱ्याला विचारा, नांगरताना कधी काही लागलं का. आणि काय म्हणाला ते मला येऊन सांगा.