दर्यापुढचं गाऱ्हाणं

आपण देवाशी बोलतो ते कोणी ऐकतं का, हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावर पडू लागला. पडायला नको होता, कारण आमच्या घराकडे गाऱ्हाण्याचा मान आहे. मालवणच्या जवळच, खाडीच्या तोंडाशी आमची मासेमारीवर जगणारी वाडी आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि सगळ्या वाडीच्या वतीने मागणं मागायचं, हे काम वडिलांच्या मागे मी करत आलो. दरवर्षी तेच शब्द, आणि प्रत्येक वाक्यावर पुरुषांचं तेच "व्हय म्हाराजा". अलीकडे मला ते सगळं पाठांतरासारखं वाटायला लागलं होतं.

शेजारी दत्ताराम राहतो. स्वतःची होडी, चारचौघांत मऊ बोलणारा. त्याची बायको शालिनी आतल्या गावची, काजूची बाग असलेल्या घरातली. तो तिला मारायचा. आमच्या पडवीत बसलं की सगळं ऐकू यायचं. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. एकदा माझ्या बायकोने विचारलं, तुम्हाला ऐकू येतं ना? मी म्हटलं, दुसऱ्याच्या संसारात आपण कशाला पडायचं. ती उठून आत गेली. पण त्यानंतर पूजेला बसलो की मन लागेना. मला वाटायचं, देवच आता लक्ष देत नाही.

गेल्या वर्षीच्या पौर्णिमेला सकाळीच शेजारून आवाज आला होता. दुपारी सगळी वाडी किनाऱ्यावर जमली, तेव्हा शालिनी बायकांच्या घोळक्यात उभी होती. पदर कपाळावर ओढलेला, डावा गाल झाकलेला. दत्ताराम पुढे, नवा सदरा घालून. मी नारळ हातात घेतला आणि नेहमीसारखी सुरुवात केली. होड्यांना सांभाळ, जाळ्यांना बरकत दे, इडापीडा टाळ. होकार येत होते. मग पुढचं वाक्य मला आठवेना. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"बा दर्या म्हाराजा, ज्या घरात बायलमाणूस मार खाता, थयसरचो नारळ तू घेव नको. आनी ज्यांका तिचा रडणा ऐकाक येता, तरी जे गप रवतत, त्यांका आधी जाब इचार. त्यात पयलो मी."

कोणीच होकार दिला नाही. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात मागून, बायकांमधून, एक ठाम आवाज आला, "व्हय म्हाराजा." आमच्याकडे बायका होकार देत नाहीत. पण त्या आवाजामागोमाग दुसरी बोलली, मग दहाजणी, आणि शेवटी पुरुषही बोलले. मी नारळ पाण्यात सोडला.

तो पहिला आवाज कोणाचा, याची मी पुढे पुष्कळ चौकशी केली. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी होती म्हणे. कोणी सांगितलं, सावंतवाडीहून कुणाकडे पाहुणी आली होती. कोणी म्हटलं, देवदर्शनाला आलेल्या गाडीतली असेल. कोणाच्या घरी ती उतरली नव्हती, कोणी तिला बसमध्ये चढताना पाहिलं नाही. मला अजून कुतूहल आहे. पण आता उत्तराचा हट्ट नाही.

संध्याकाळी वाडीतली दोन-तीन मोठी माणसं येऊन सांगून गेली, घरच्या गोष्टी गाऱ्हाण्यात आणायच्या नसतात, असं पुन्हा झालं तर मान दुसऱ्याकडे जाईल. दत्तारामने बोलणंच टाकलं. मी घाबरलो होतो. वाटलं, बोलून गेलो ते गेलो, आता विषय मिटू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिनी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "काका, देवाक सांगितलात ता बरा झाला," ती म्हणाली. "आता माझ्यावांगडा पोलीस ठाण्यात येतलात?"

मी बायकोकडे पाहिलं. ती आधीच चप्पल घालत होती.

आम्ही तिघं एसटीने मालवणला गेलो. ठाण्यात मी, जे कानांनी ऐकलं ते, कधीपासून ऐकलं त्यासकट लिहून दिलं. "इतकी वर्षं" हे शब्द लिहिताना हात जड झाला. तिथून संरक्षण अधिकाऱ्यांकडे, मग कोर्टात. शालिनीला माहेरी जायचं नव्हतं. तिला त्याच घरात राहायचं होतं, आणि कायद्याने तसा हक्क आहे हे मला तिथे प्रथमच कळलं. काही महिने गेले, पण हुकूम मिळाला. दत्ताराम आता भावाकडे राहतो.

मग बायकांनी महिला ग्रामसभेत ठराव मांडला. शेजारी मारहाण ऐकू आली तर ऐकणाऱ्याने जाऊन दार वाजवायचं, आणि पोलीस पाटलाने त्याच दिवशी ठाण्याला कळवायचं. मोठ्या ग्रामसभेत त्यावर दोन तास वाद झाला, पण तो मंजूर झाला. मला रागावून गेलेल्यांपैकी एकानेही शेवटी हात वर केला. त्याची मुलगी कुडाळला दिली आहे. तो एवढंच म्हणाला, "तिच्या शेजारी कोण रवता, माका ठावक नाय."

मी आयुष्यभर समजत होतो की शरण जाणं म्हणजे सगळं देवावर सोपवून स्वस्थ बसणं. शालिनी दारात आली त्या सकाळी कळलं की देवाने आपल्यावर सोपवलेलं काम न टाळता उचलणं, हीही शरणागतीच आहे. त्या म्हातारीने, किंवा तिच्या रूपाने जो कोणी आला असेल त्याने, माझं ऐकलं. मी मात्र शेजारचं ऐकायला इतकी वर्षं घेतली. त्याची क्षमा रोज मागतो.

मागच्या महिन्यात पलीकडच्या घरातून बाईच्या रडण्याचा आवाज आला. मी धावत जाऊन दार बडवलं. आत टीव्हीवर मालिका चालू होती. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. मग त्या घरच्या सुनेने मला बसवलं आणि म्हणाली, "काका, असेच येत रवा." तिने पुढे केलेला चहा मी दोन्ही हातांनी, प्रसादासारखा घेतला.