सुतातली गाठ

दगा पाटलाच्या नावातच काय तो दगा, माणूस सरळ. सुरतेजवळ भेस्तानच्या एका लूम कारखान्यात सोळा वर्षं तो कापड तपासत होता. टेबलावरून कापडाचा ताका सरकत जायचा आणि दगाचं बोट बरोबर डागावर पडायचं. ही सवय घरीही सुटत नसे. भाकरीवरचा करपलेला ठिपका, भिंतीवर उमटलेलं बोट, सगळं तो दाखवून देई. बायको शोभाबाई म्हणे, "दिसलं हो मला."

प्लेगच्या पुढच्या वर्षी साऱ्या सुरतेला धुण्याघासण्याचं वेड लागलं, दगाला जरा जास्तच. मोरीत शिरला की अर्धा तास. बाहेर शेजारचा लोटू बादली घेऊन ताटकळायचा. "भाऊ, तापी आटली की या बाहेर," म्हणायचा. दगा बाहेर यायचा तो पाय फाकत, अंगाला दवाखान्याचा वास घेऊन. शिवाय दोन महिन्यांपासून त्यानं आपलं अंथरूण गच्चीवर हलवलं होतं. विचारलं की म्हणे, "उकडतं." भर पौषात.

शोभाबाईनं आधी थट्टा केली, मग भांडली, मग गप्प झाली. बाहेर काही भानगड तर नाही ना, हा विचार तिला पोखरू लागला. अखेर एका सकाळी तिनं पिशवी भरली.

"काय व्हयनं ते सांगा, नाहीतर मी चालले माहेरी, अमळनेरला."

दगानं पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. "तिथं डाग आलेत," तो म्हणाला. "बारीक, पांढरे. मी कुठं गेलो नाही गं. पण तुला लागायला नको."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"हसतील."

ती त्याला घेऊन तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय. दगा म्हणाला, "गॅस."

शोभाबाईनं कपाळावर हात मारला. "गॅस नाही साहेब. खाली आहे. दोन महिने घासताहेत."

पडद्याआड तपासून डॉक्टर बाहेर आले. "ए तो कुदरती छे, भाई," ते म्हणाले, आणि मग आपल्या मोडक्या मराठीत समजावू लागले. "असे दाणे कितीतरी पुरुषांना असतात. रोग नाही, बायकोला लागत नाही. सोलवटलंय ते घासण्यानं. काय लावता?"

"कपड्याचा साबण. वर जखमेचं औषध, पाणी न घालता."

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. "दिवसातून एकदा साधं पाणी. कातडी हळूच मागे घ्यायची, धुवायची, कोरडी करायची, परत पुढे आणायची. बस. पंधरा दिवसांत आग थांबली नाही किंवा फोड-जखम दिसली तर या."

"पण डाग आहेत ना साहेब. मला डाग कळतो. सोळा वर्षं मी..."

शोभाबाईचा धीर सुटला. "ताक्यात सुताची गाठ दिसली तर काय करता तुम्ही?"

"तिला हात नाही लावायचा," दगा लगेच म्हणाला. "ती सुतातलीच असते. खरडली तर भोक पडतं."

बोलला आणि थांबला.

मोरीतला कपड्याचा साबण शोभाबाईनं त्याच दिवशी उचलून ठेवला. "एवढ्यात झालं? पाणी तरी घेतलं का अंगावर?" दगा लगेच बाहेर आला की लोटू विचारू लागला.

तीन आठवड्यांनी, आग पुरती थांबल्यावर, दगानं रविवारी दुपारी अंथरूण गच्चीवरून खाली आणलं. चादर झटकली, पसरली आणि सवयीनं तिच्यावरून हात फिरवला. बोट एका जागी अडलं.

"आता काय?" शोभाबाई वैतागून म्हणाली.

"काही नाही," दगा म्हणाला. "गाठ आहे, सुतातलीच."