केसांच्या केसेस

केस कपड्याला कधी चिकटतो ते कळत नाही. आमच्याकडे किस्से तसेच जमतात! मी धुळ्याला फॉरेन्सिक लॅबमध्ये आहे. पोलिसांनी गुन्ह्याच्या जागेवरून उचललेले केस मायक्रोस्कोपखाली बघायचे, हे माझं काम. लग्नाच्या पंगतीत कुणाच्या वरणात केस निघाला, तरी लोक वाटी माझ्यापुढे धरतात. "मॅडम, आचाऱ्याचा की वाढप्याचा?"

*

सोनवणे हवालदार नवीन होते तेव्हाची गोष्ट. पाकीट घेऊन आले. "मॅडम, केस आणलीय."

"केस आणलीय की केस आणलाय?"

ते गोंधळले. म्हणाले, "केसमधला केस आणलाय. पण केस पांढरा आहे, आणि केसमध्ये दम नाही!"

*

भुसावळला एका दुकानात चोरी झाली. गल्ल्यावर लांब सोनेरी केस सापडला. शेठ छातीठोकपणे सांगत होते, "फॉरेनची गँग आहे!"

मी बघितला आणि त्यांनाच फोन लावला. "शेठ, त्या दिवशी गल्ल्यावर बसून काय खाल्लंत?"

"मक्याचं कणीस. का हो?"

*

कोर्टात वकीलसाहेबांनी आवाज चढवला. "या केसावरून माझा अशील गुन्हेगार ठरतो?"

"नाही. दोन्ही केस सारखे दिसतात, एवढंच. नुसतं बघून ते एकाच माणसाचे आहेत असं म्हणता येत नाही."

त्यांचे पुढचे सगळे प्रश्न वाया गेले! बाहेर भेटल्यावर कुरकुरले, "थोडं तरी अडून बसायचं ना मॅडम! अशील मागे बसून बघत होता."

*

आणि हा किस्सा भडगावकडच्या एका खेड्यातला. झोपेत बायकांच्या वेण्या कापणारा कुणी फिरतोय, अशी अफवा उठली होती. एका सकाळी कॉलेजात जाणारी वैशाली उठली, तर वेणी उशीवर वेगळी पडलेली! तिच्या आजीने, अक्कांनी, ओरडून गाव गोळा केलं.

नेमके तेव्हाच रशीदभाई गावात शिरले. विंचरताना गळलेले केस घेऊन स्टीलची भांडी देणारे फेरीवाले. खांद्यावर केसांचं पोतं! लोकांनी त्यांना खांबाला बांधलं. सोनवणे वेळेवर पोचले म्हणून रशीदभाई वाचले.

वेणी आणि पोतं माझ्याकडे आलं. पोत्यातल्या केसांना मुळं होती, म्हणजे आपोआप गळलेले. वेणी मात्र छोट्या कात्रीने कुरतडत कापलेली. मी सोनवण्यांना म्हटलं, "एवढा वेळ कात्री चालली, तर मुलगी जागी कशी झाली नाही?"

त्यांनी हेच वैशालीला विचारलं. तिला रडूच फुटलं. "अक्का केस कापू देत नव्हती, म्हणून मीच कापले. त्या काकांना बांधलं तेव्हा खूप घाबरले हो!"

रशीदभाई सुटले. वैशालीच्या वडिलांनी त्यांना मानाने घरी आणलं, हात जोडून माफी मागितली, चहा दिला. कप अजून हातातच होता, तेवढ्यात अक्का आतून आल्या. डोक्यावरून पदर, हातात फडक्याची पुरचुंडी. सोडली, तर आत पांढरीशुभ्र वेणी!

"भाऊ, हाई घे. डोकं कसं हलकं वाटस! पन पातेलं मोठं दे!"